मारामारीची संहिता, तीन प्रतींत

जाहिरातीत छापलं होतं ते असं: ‘विभागीय प्रमोशन कंपनीस सरकारी पत्रव्यवहार जाणणारा अनुभवी इसम पाहिजे.’ आता एकतीस वर्षं एकाच टेबलाशी, एकाच खुर्चीत, एकाच हुद्द्यावर बसून निवृत्त झालेल्या माणसाने या ओळीचा दुसरा काय अर्थ लावावा? मसुदेकाकांनी सरळ अर्थ लावला. ज्यांची विभागीय बढती अडून राहिली आहे अशा दुर्दैवी कर्मचाऱ्यांचे अर्ज लिहून देणारी ही कंपनी असणार. उशिरा का होईना, कुणीतरी या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहत होतं. काकांनी शर्टाला इस्त्री केली, स्वतःच्या अडलेल्या बढतीची फाइल नमुना म्हणून काखेत मारली आणि टायरच्या दुकानाशेजारचा जिना चढून ते वर गेले.

मसुदेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीत कुठलंही पत्र पाठवायचं झालं की मसुदा त्यांच्याकडे यायचा, म्हणून पडलेलं नाव. मसुदा काकांचा, सही वरच्यांची आणि बढती शेजारच्या टेबलाची, अशी वाटणी एकतीस वर्षं चालली. काकांनी तक्रारी केल्या नाहीत असं नाही. चौदा केल्या. पण त्यांची भाषा इतकी सुरेख होती, की वरचे लोक ती इतरांना नमुना म्हणून वाचून दाखवत आणि मग फाइलला लावून टाकत.

वर दोन खोल्या होत्या. पहिलीत एक टेबल, आणि दुसरीत भिंतीपासून भिंतीपर्यंत निळी गादी. गादीवर एक माणूस दुसऱ्या माणसाचा गळा आवळत होता.

“बसा काका,” गळा आवळणारा म्हणाला. “दोन मिनिटं. एवढं आटोपतो.”

काका बसले. कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला ‘बसा’ म्हटलं की तो आधी बसतो आणि मग विचार करतो. ज्याचा गळा आवळला जात होता त्याने शेवटी गादीवर दोनदा हात आपटला, सुटला, आणि काकांकडे बघून अगदी घरातल्यासारखा हसला. “चहा घेणार का काका?” त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

गळा आवळणारे ते मालक. वर्षानुवर्षांच्या घासाघाशीने त्यांचे दोन्ही कान सुजून मुडपले होते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागे. त्यांनी काकांना धंदा समजावून सांगितला. कुस्ती, ठोसे, लाथा, गळे आवळणं हे सगळं एकत्र केलं की होते मिश्र युद्धकला. आणि अशा लढती पिंजऱ्यात भरवणं म्हणजे प्रमोशन.

“म्हणजे बढती नाही?” काकांनी विचारलं.

“काय?”

“बढती नाही?”

“जिंकला तर बढतीच की, काका!”

पहिली मोठी लढत पुढच्याच महिन्यात, रविवारी दुपारी, एका बंद पडलेल्या सिनेमागृहात ठरली होती. पिंजरा सांगून ठेवला होता, तिकिटं छापून झाली होती. फक्त परवानगी नव्हती. अर्ज तीनदा परत आला होता. काकांनी तो हातात घेतला. अर्जाची सुरुवात ‘नमस्कार साहेब, आम्ही मारामारी करतो’ अशी होती. काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली आणि नोकरी धरली.

खरं सांगायचं तर काकांना त्या दिवशी कुणी भूकंपमापन केंद्रात टेबल दिलं असतं तरी त्यांनी ते धरलं असतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी दूरच्या शहरात. ती दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता फोन करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते. चार मिनिटं. त्या चार मिनिटांसाठी काका साडेचारपासून फोन समोर ठेवून बसत आणि फोन वाजला की दोनदा वाजू देऊन मग उचलत, म्हणजे आपण कामात होतो असं तिला वाटावं. उरलेला आठवडा नुसता असायचा. घरात कुणी बोलत नसल्यामुळे काकांना आपला आवाज भाजीवाल्याकडेच काय तो ऐकू यायचा, आणि तो दिवसेंदिवस अनोळखी वाटू लागला होता. कंपनीत मात्र अकरा वाजता पोचलं की कुणीतरी घामाघूम माणूस गादीवरून मान वर करून म्हणायचा, “काका, आलात?” एवढंच. पण तेवढ्यासाठी काका पावणेअकरालाच जिन्याखाली येऊन घड्याळ बघत उभे राहायचे.

हा ‘चहा घेणार का’ विचारणारा माणूस म्हणजे लिफ्टवाला. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायची नोकरी, वय सदतीस, आणि आजवर नऊ लढतींपैकी सात हरलेला. रविवारच्या मुख्य लढतीत तो लाल कोपऱ्यात होता. निळ्या कोपऱ्यात ‘वादळ’ नावाचा एक पंचविशीतला गडी, ज्याच्या मागे एकसारखे शर्ट घातलेली अकरा माणसं चालत.

परवानगीच्या कामाला काका सोमवारी लागले. मंगळवारपर्यंत ती बातमी समोरच्यांना लागली. समोरचे म्हणजे काकांच्या घरासमोरच्या दारातले निवृत्त विमा एजंट. त्यांचं दार नेहमी वीतभर उघडं असे आणि त्या वीतभर फटीतून ते इमारतीला सल्ला पुरवत.

“या वयात मारामारी?” त्यांनी विचारलं.

“मी मारामारी करत नाही. पत्रव्यवहार बघतो.”

“तेच ते. गुडघ्याला कॅल्शियम सुरू करा. आणि परवानगी हवी असेल तर त्यांच्या हातात तलवारी द्या. ऐतिहासिक म्हटलं की लगेच पास होतं. शेवटी एक संदेश टाका, झाडं लावा वगैरे.”

काकांनी नम्रपणे मान हलवली. दुसऱ्या दिवशी परवाना कार्यालयात पोचल्यावर मात्र त्यांना वाटू लागलं, की तलवारींचं अगदीच वाईट नव्हतं. खिडकी एकवर ‘मिश्र’ हा शब्द वाचून आतल्या गृहस्थांनी अर्ज भेसळ विभागाकडे वळवला. भेसळ विभागाने काकांकडे मालाचा नमुना मागितला, तोही सीलबंद बाटलीत. तिथून सुटून खिडकी दोनवर आले तर ‘युद्ध’ वाचून तिथल्या माणसाने हात जोडले आणि युद्धाचे निर्णय आमच्या पातळीवर होत नाहीत, असं स्वच्छ सांगितलं. तीन नंबरचे साहेब रजेवर होते. आता अर्जात ‘कला’ एवढाच शब्द कामाचा उरला होता. तो घेऊन काका खिडकी चारवर गेले.

खिडकी चारमागे एक मॅडम होत्या. चष्म्याला साखळी, टेबलावर पाच शिक्के उंचीनुसार लावलेले, आणि डबा उघडा, पण एकीकडे सारलेला. त्यांनी अर्ज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. काकांच्या आयुष्यात हे प्रथमच घडत होतं. त्यांचा ऊर भरून आला.

“हा प्रयोग आहे,” मॅडम म्हणाल्या.

“नाही, ही मारामारी आहे.”

“तिकीट आहे? उंचवटा आहे? प्रेक्षकांसमोर दोन माणसं काहीतरी करणार आहेत? मग नियमाने तो प्रयोग आहे. संहिता आणा. तीन प्रती.”

“पण मॅडम, मारामारीची संहिता कशी असेल?”

“ते लेखकाला विचारा,” मॅडम म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

आता लेखक म्हणजे काकाच. मालकांना सांगितलं तर ते हसतच सुटले, आणि मग काका गंभीर आहेत असं दिसल्यावर रडकुंडीला आले. शेवटी काका घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. चार संध्याकाळी गेल्या. त्यातून जे उतरलं त्याची सुरुवात अशी होती:

‘प्रवेश पहिला. लाल कोपऱ्यातील इसम (यापुढे “लाल” असा उल्लेख) हा निळ्या कोपऱ्यातील इसमास (यापुढे “निळा”) तोंडावर मारतो. निळा त्यास हरकत घेतो. सदर क्रिया उभयपक्षी, आलटून पालटून व परिस्थितीनुसार चालू राहते. दोघांपैकी एक खाली पडल्यास दुसरा त्याच्यावर पडतो व पुढील आदेशापर्यंत तिथेच राहतो. हरणारा इसम थाप मारतो.’

मॅडमनी शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली. “थाप मारतो? काय सांगतो?”

“सांगत नाही काही. गादीवर हाताने थाप मारतो. म्हणजे मी हरलो.”

“मग तसं लिहा. माणूस हरला हे खरं असताना थाप कशाला? आणि संवाद कुठे आहेत?”

“संवाद नाहीत. ते बोलत नाहीत. तोंडात रबराची पट्टी असते.”

“संवाद नसतील तर मूकनाट्य. त्याची खिडकी सात.”

काकांनी खिडकी सातकडे पाहिलं. तिथे कुलूप होतं, आणि कुलपाला गंज चढला होता.

काका कंपनीत परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. लिफ्टवाला कपाळाला बर्फ लावून बसला होता. “लढताना कुणी बोलतं का रे?” काकांनी विचारलं.

“मधे बोलतात ना काका. दोन फेऱ्यांच्या मधे एक मिनिट असतं. तेव्हा आपल्या कोपऱ्यातला माणूस आत येतो, स्टूल ठेवतो, पाणी देतो आणि बोलतो.”

“काय बोलतो?”

“ज्याचा त्याचा माणूस. कुणी शिव्या देतो, कुणी डावपेच सांगतो.” त्याने बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “मला आपलं कुणीतरी आलं तरी पुरे.”

त्या संध्याकाळी काका टेबलाशी बसले आणि त्या एका मिनिटात काय बोलायचं ते लिहू लागले. लाल कोपरा, हरत असलेला माणूस, श्वास लागलेला. समोर कोरा कागद. आणि काकांना आठवलं ते इस्पितळ. बायको अकरा दिवस तिथे होती. त्या अकरा दिवसांत काकांनी एकही कागद अपुरा राहू दिला नव्हता. दाखल्याचा अर्ज, विम्याचा अर्ज, तपासण्यांच्या पावत्या, साक्षांकित प्रती. सगळं तीन-तीन. अकराव्या दिवशी ती गेली तेव्हा ते तळमजल्यावर रांगेत होते, पुढे दोनच माणसं उरली होती. तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर ते सगळे मिळून तासभर बसले असतील, तेही हातात फाइल घेऊन. ती एकदा म्हणाली होती, “जरा बसा ना.” ते म्हणाले होते, “आलोच, एवढी सही घेऊन.”

काकांनी चष्मा पुसला आणि लिहिलं:

‘(स्टूल ठेवतो. पाणी देतो.) घाई नाही. पाणी पी. हळू श्वास घे. किती लागलंय ते मला दिसतंय. घाबरू नकोस. मी इथेच आहे. कुठेही जात नाही.’

ते त्यांनी दोनदा वाचलं. एकही कलम नाही, संदर्भ क्रमांक नाही, ‘सदर’ नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी असा मसुदा केला होता आणि ज्या माणसाला तो द्यायचा त्याला द्यायला दोन वर्षं उशीर झाला होता. मग निळ्या कोपऱ्याखाली त्यांनी ‘वरीलप्रमाणे’ असं लिहिलं, कारण दुसऱ्यांदा लिहायचं त्यांना त्राण नव्हतं.

मॅडमनी संवाद वाचले. पुन्हा एकदा वाचले. मग शिक्का उचलता उचलता थांबल्या. “शेवट नाही.”

“शेवट आधी कसा सांगणार? कोण जिंकेल ते...”

“अनिश्चित शेवट मंजूर करता येत नाही.”

काकांनी तिथेच, खिडकीच्या फळीवर कागद टेकवून, कुठल्याही परिस्थितीत खरा ठरेल असा शेवट लिहून दिला: ‘एक जिंकतो. एक हरतो.’ मुरलेल्या हाताचं काम. पण मग त्यांना वाटलं, हरलेल्याला असं वाऱ्यावर सोडून पडदा पाडणं काही बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी आणखी एक वाक्य घातलं: ‘हरलेल्यास त्याचा माणूस घरी घेऊन जातो.’

पाचही शिक्के बसले. परवान्याच्या मागे बारीक अक्षरात अट होती, की प्रयोग मंजूर संहितेबरहुकूम व्हावा, निरीक्षक पहिल्या रांगेत बसतील, आणि संवादात वा शेवटात फरक आढळल्यास परवाना रद्द होऊन आयोजक संस्था कायमची बंद करण्यात येईल. मालकांनी ते वाचलं आणि खुर्चीतच बसले. “काका, म्हणजे एक वाक्य चुकलं तर कंपनीला कुलूप?”

“मी आहे ना,” काका म्हणाले खरे. पण त्या दिवशी जिना उतरताना ते ती बारीक अक्षरातली अट मनात घोकत होते. कंपनीला कुलूप म्हणजे पुन्हा नुसता आठवडा. पुन्हा भाजीवाला आणि पाचचा फोन.

रविवारी सिनेमागृह बऱ्यापैकी भरलं. पहिल्या रांगेत मध्यभागी मॅडम, मांडीवर संहिता, हातात पेन. त्यांच्या शेजारी, फुकट पासावर, समोरचे. मागे वादळची अकरा माणसं शिट्ट्या मारत होती. आणि लढतीला दहा मिनिटं असताना मालक घामाघूम होऊन काकांकडे आले. लिफ्टवाल्याच्या कोपऱ्यात त्याचा कामावरचा जोडीदार उभा राहणार होता. तो येत नव्हता. कुठल्याशा इमारतीत लिफ्टमध्ये माणसं अडकली होती.

“काका, कोपऱ्यात माणूस नसेल तर पंच लढत सुरू करत नाहीत. आणि संवाद फक्त तुम्हाला पाठ आहेत.”

“मला? मी पत्रव्यवहार...”

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं, कारण तेवढ्यात मालकांनी त्यांच्या डोक्यातून एक भला मोठा टी-शर्ट खाली ओढला. इस्त्रीच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टावर चढलेल्या त्या टी-शर्टावर पाठीमागे ‘कोपरा’ असं छापलं होतं. एका हातात बादली, दुसऱ्यात स्टूल, काखेत टॉवेल. ज्या माणसाने एकतीस वर्षं शिपायाशिवाय पाण्याचा पेला उचलला नव्हता, तो माणूस दीड हजार डोळ्यांसमोरून बादली घेऊन चालला. “गुडघे सांभाळा!” समोरचे ओरडले.

पिंजऱ्याबाहेर लिफ्टवाला जागच्या जागी उड्या मारत होता. काकांना बघून तो थांबला. “काका, तुम्ही?” मग तसाच हसला. “आलात?”

भुवया फुटू नयेत म्हणून त्यांवर व्हॅसलिन लावायचं असतं. काकांनी ते लावलं, आणि त्याच बोटांनी आपला चष्मा सारखा केला, त्यामुळे पहिली फेरी त्यांना धुक्यातून दिसली. दोन आकृत्या एकमेकींवर आदळत होत्या आणि मार लागल्याचा आवाज बहुतेक वेळा लाल बाजूने येत होता. घंटा झाली. काका आत धावले, स्टूल विसरले, परत आले, स्टूल घेऊन पुन्हा धावले. मॅडमनी पेन उघडलं.

“स्टूल ठेवतो,” काका खणखणीत आवाजात म्हणाले. “पाणी देतो.” मग कंसातलं वाचायचं नसतं हे त्यांच्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली. “घाई नाही. पाणी पी. हळू श्वास घे.”

पलीकडे निळ्या कोपऱ्यात वादळचा वस्ताद, मानेचा पत्ता नसलेला दांडगा माणूस, हातात कागद धरून दात ओठ खात वाचत होता. “घाबरू नकोस. मी इथेच आहे.” वादळ त्याच्याकडे बावरून बघत होता. वस्ताद ‘कुठेही जात नाही’ गाळून बाहेर पडू लागला, तेव्हा मॅडमनी बोट वर केलं. तो परत वळला, म्हणाला, आणि सगळ्या सिनेमागृहात हशा पिकला.

दुसरी फेरी वाईट गेली. लिफ्टवाला स्टुलावर येऊन बसला तेव्हा त्याचा डावा डोळा मिटत चालला होता आणि छाती भात्यासारखी हलत होती. “काका,” तो पट्टी काढून म्हणाला, “डाव्या डोळ्याने दिसत नाहीये.”

हे संहितेत नव्हतं. पहिल्या रांगेत पेनाची टिकटिक ऐकू आली. काकांनी कागद काढला नाही. कागद कुठे आहे हेही त्यांना आठवलं नाही. त्यांनी त्याच्या कपाळाला टॉवेल दाबून धरला आणि खाली वाकले.

“किती लागलंय ते मला दिसतंय,” ते म्हणाले. “घाबरू नकोस. मी इथेच आहे. कुठेही जात नाही.”

लिफ्टवाल्याने मान डोलावली. मॅडमनी संहितेत बोट ठेवून शब्दन् शब्द पडताळला, आणि पेन बंद केलं.

तिसऱ्या फेरीत साडेतीन मिनिटं तो टिकला. मग वादळने त्याचा गुडघा पिळला आणि त्याने गादीवर हाताने, थाप नव्हे, खरोखर तीनदा मारलं. अकराच्या अकरा माणसं पिंजऱ्यात घुसली, वादळला खांद्यावर घेतलं आणि मिरवत बाहेर नेलं. सिनेमागृह त्यांच्या मागे रिकामं झालं. लाल कोपऱ्यात स्टूल, बादली, लिफ्टवाला आणि काका. मॅडम पायऱ्या चढून पिंजऱ्याच्या दाराशी आल्या.

“शेवट बाकी आहे,” त्या म्हणाल्या. “‘हरलेल्यास त्याचा माणूस घरी घेऊन जातो.’ माणूस कुठे आहे?”

मालकांनी बुटाकडे पाहिलं. काका काहीतरी सुचतंय का ते चाचपू लागले. ‘शक्यतो’ हा शब्द घातला असता तर, ‘उपलब्धतेनुसार’ घातला असता तर. एकतीस वर्षांत एवढी ढिली चूक त्यांच्या हातून झाली नव्हती. या जगात प्रत्येकाला नेणारा माणूस असतो, असं कुठल्या आधारावर त्यांनी लिहून दिलं? त्यांना स्वतःला तरी होता का?

“हे काय, हे,” लिफ्टवाला म्हणाला आणि सुजलेल्या हाताने काकांच्या टी-शर्टाकडे बोट केलं. “हा माझा माणूस.”

मॅडमनी काकांकडे पाहिलं. काकांनी टी-शर्ट खाली ओढून सारखा केला.

“नातं?”

“कोपऱ्यातले.”

मॅडमनी तसं लिहून घेतलं. “घर कुठे?”

इथे एक अडचण निघाली. लिफ्टवाला चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहायचा आणि त्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. त्या गुडघ्याने चार जिने शक्यच नव्हते. काकांनी खाकरून घसा साफ केला. “मॅडम, संहितेत ‘घरी’ एवढंच आहे. कुणाच्या ते नमूद नाही. आमचं घर तळमजल्यावर आहे.”

मॅडमनी वाक्य पुन्हा वाचलं. “चालेल,” त्या म्हणाल्या. मग बस मिळेपर्यंत त्या थांब्यावर उभ्या राहिल्या, कारण शेवट पाहिल्याशिवाय त्यांना सही करता येत नव्हती. बस आली तेव्हा त्या काकांना म्हणाल्या, “संवाद चांगले होते,” आणि पिशवीतला डबा काढून, उभ्या उभ्याच, एकट्याच खाऊ लागल्या.

घरी काकांनी त्याला आतल्या खोलीत बायकोच्या खाटेवर निजवलं. दोन वर्षं त्या खाटेवर नुसत्या घड्या घातलेल्या चादरी होत्या. दूध आणि पाव दिला, गुडघ्याखाली उशी दिली, डोळ्यावर ओला रुमाल ठेवला. समोरच्यांच्या दाराची फट आज हातभर झाली होती आणि तिच्यातून हळद, तुरटी आणि बर्फ असे तीन सल्ले आले. काकांनी बर्फ घेतला. मग ते खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. हातात फाइल नव्हती, त्यामुळे हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले. उद्या सकाळी सातला हा उठून कामावर जाणार, खाटेवर पुन्हा चादरी येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. पाच वाजले होते.

लिफ्टवाल्याने उघडा डोळा किलकिला केला. “काका, फोन वाजतोय. जा ना.”

“वाजू दे.”

“घरचा असेल.”

“घरचाच आहे,” काका म्हणाले. “पण मी कुठेही जात नाही असं लिहून दिलंय.”

तो हसला, कळवळला आणि झोपी गेला. फोन वाजून वाजून थांबला. काकांनी हात गुडघ्यांवरच ठेवले. घर पुन्हा गप्प झालं. पण आता त्यात कुणाच्या तरी श्वासाचा आवाज होता.

मग फोन पुन्हा वाजू लागला. मुलीने दुसऱ्यांदा फोन असा कधी केलाच नव्हता, कारण पहिला त्यांनी कधी चुकवला नव्हता. तो थांबला, आणि तिसऱ्यांदा वाजला. कुणीतरी आपल्याला शोधतंय, हे काका स्टुलावर बसून शांतपणे ऐकत राहिले.